कोरड्या दिवशी बसवलेला नळ

धुळे,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस अनेक आशीर्वाद.

माझे एकुलते एक चिरंजीव ज्ञानेश्वर यांनी जळगावहून तुला फोनवर जो वृत्तान्त ऐकवला आणि जो तू इमानेइतबारे उतरवून मला पाठवलास, त्यात चार चुका आहेत. शुद्धलेखनाच्या चुका तुझ्या स्वतःच्या असल्याने त्या मी स्वतंत्रपणे लाल शाईने दाखवून तुझे पत्र सोबत परत करीत आहे.

पहिली चूक. माझ्या स्वयंपाकघरातला नळ ‘फुटलेला’ नाही. त्याचे आतले आटे झिजले आहेत, त्यामुळे तो पूर्ण बंद होत नाही. फुटणे आणि झिजणे यांतला फरक अभियंता असलेल्या माणसास ठाऊक असावा, अशी माझी अपेक्षा होती.

दुसरी चूक. ‘नाना घरात पाण्यात बसले आहेत.’ हा नळ थेट रस्त्यावरच्या लाइनीचा आहे आणि आमच्या गल्लीला पाणी आठव्या दिवशी येते. सात दिवस त्यातून हवादेखील येत नाही. आठव्या दिवशी दोन तास तो बंद होत नाही, एवढीच काय ती आपत्ती.

तिसरी चूक सर्वांत गंभीर. ‘प्लंबर प्रेमराज तीनदा आला, बेल वाजवून, दार ठोठावून परत गेला; नानांनी दार उघडले नाही.’ प्रेमराज आलेला नाही. ३, ५ आणि ८ फेब्रुवारी या तिन्ही दिवशी मी पुढच्या खोलीत, दारापासून सहा पावलांवर, वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. सहा पावलांवरच्या माणसाला चकवून बेल वाजवण्याची विद्या त्याने कोठे संपादन केली, हे त्यालाच विचारावे.

चौथी चूक. ‘नानांना आता एकट्याने झेपत नाही.’ हा वृत्तान्त नसून इच्छा आहे.

दिवाळीत तुझ्या समक्ष काय ठरले होते, ते पुन्हा लिहून ठेवतो. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हे घर मी एकट्याने, कोणतेही विघ्न न येता चालवायचे. चालले, तर विषय कायमचा मिटला. न चालले, तर घर विकायचे आणि मी जळगावला ज्ञानेश्वरच्या चौथ्या मजल्यावर जाऊन खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या पाहायच्या. निवाडा तू करायचा. घर विकल्यावर आखाजीला तू कोणत्या माहेरी येशील, हा मुद्दा मी न्यायाधीशावर दबाव टाकण्यासाठी लिहीत नाही. केवळ नोंद करून ठेवतो.

सबब, नळ मी स्वतः बसवणार आहे. एकतीस वर्षे मुलांच्या डोक्यात मराठी बसवले; त्या मानाने भिंत बरीच मऊ आहे.

फोन करू नकोस. फोनवर बोललेले तपासता येत नाही.

तुझा,
शालिग्राम

---

सावदा,
१७ फेब्रुवारी

तीर्थरूप नानांना साष्टांग नमस्कार. (मनातून. आता वाकवत नाही.)

तू नळ बसवणार? बस, बसव. माझ्या लग्नातल्या शिलाई मशीनला तू एकदा तेल घातलं होतंस, आठवतं का? त्यानंतर ती मशीन आयुष्यभर उलटीच शिवत राहिली. बावीस वर्षं मी पोरांची झबली मागून पुढे शिवली. आमच्या यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ते केळीच्या गाडीवर घड मोजत होते, तिथूनच म्हणाले, “मास्तरांना सांग, नळाला व्याकरण नसतं. तो चुकला तर लाल शाई नाही, पाणी येतं.”

प्रेमराजचं म्हणशील तर ज्ञानेश्वर शपथेवर सांगतो की तो आला होता. आता तू खरा की तो, ते तुमचं तुम्ही बघा. मला दोघांच्या मधे घालून दिवाळीत न्यायाधीश केलंत, तेव्हाच मी म्हणत होते, मला हा मान नको, त्यापेक्षा एक पातळ घ्या.

नळ शेजारच्या मोहनलाल शेठच्या दुकानातूनच घे. काय कुठे आवळायचं ते ते सांगतील. आणि त्यांच्या राजकुंवरबाईंना सांगून ठेव, की माझा भाऊ पान्हा हातात घेतोय, कान उघडे ठेवा.

एक विचारू? दोन वर्षं झाली, तू फोन उचलत नाहीस. आधी रोज संध्याकाळी सातला बोलायचास. वहिनी गेली तेव्हासुद्धा एक दिवस चुकला नाही. आता मी इकडे मनातलं लिहायचं, आणि ते तिकडून तांबडं होऊन परत यायचं. माझं बोलणं इतकं अशुद्ध झालं का रे? मनात दुसरं काही असेल तर सांग. तुझी बहीण शे मी, माले बठ्ठं समजस.

(हे शेवटचं वाक्य तपासू नकोस. ते आईच्या अहिराणीतलं आहे, तिथे तुझा पेन चालत नाही.)

रत्ना

---

धुळे,
२३ फेब्रुवारी

चि. सौ. रत्ना हिस अनेक आशीर्वाद.

काल, दिनांक २२ रोजी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी नळ बसवून पूर्ण झाला. तुझ्या यजमानांना केळी खाली ठेवून हे पत्र ऐकण्यास सांगावे.

मोहनलाल शेठच्या दुकानी गेलो. त्यांनी लांब मानेचा, चकचकीत नळ काढून दिला आणि काहीतरी विचारले. बहुधा ‘बसवणार कोण’ असेच विचारले असावे. मी म्हणालो, “मी.” त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मला पायापासून वरपर्यंत पाहिले आणि पांढऱ्या टेपची एक गुंडाळी जास्तीची घातली. टेप आट्यांच्या दिशेने कसा गुंडाळायचा, हे त्यांनी माझ्याच बोटावर गुंडाळून दाखवले. त्यांच्या कळकळीवरून वाटले, मी नळाऐवजी स्वतःलाच भिंतीत बसवून घेणार आहे.

मी मुद्दाम कोरडा दिवस निवडला होता. लाइनीत पाणी नसल्यामुळे काही बंद करावे लागले नाही, की अंगावर फवारा आला नाही. असा साधा विचार प्रेमराजसारखे व्यावसायिक लोक का करीत नाहीत, कळत नाही.

जुना नळ क्षाराने भिंतीला असा धरून बसला होता, की जणू त्यालाही जळगावला न्यायचे ठरले होते. खोबरेल तेल सोडले, दोन तास थांबलो, पान्ह्याला धोतराचे फडके लावले आणि जोर केला. निघाला. आटे दात घासायच्या जुन्या ब्रशने स्वच्छ केले. टेपचे बारा वेढे दिले. नळ आवळत नेला, तर घट्ट झाला तेव्हा त्याचे तोंड खिडकीकडे! पुन्हा काढला. पंधरा वेढे दिले. या वेळी घट्ट झाला तो तोंड बरोबर खाली करूनच. तोंड कोठे असावे, हे त्याला दोनदा सांगावे लागले. काही विद्यार्थ्यांना मला वर्षभर सांगावे लागत असे.

निष्कर्ष : जोडातून एक थेंबही गळत नाही. काल दुपारपासून दर तासाला बोट लावून तपासतो आहे. कोरडा ठणठणीत.

नळ उघडा सोडून सिंकमध्ये तुझ्या वहिनीची थाळी उपडी ठेवली आहे. पाणी आले की थाळी वाजते आणि माणूस उठून हंडे भरतो, ही तिची पद्धत मी बदललेली नाही.

ज्ञानेश्वरला कळव. शब्दशः कळव.

फोनविषयी तू जे लिहिलेस, त्यावर माझे उत्तर पूर्वीचेच आहे.

तुझा,
शालिग्राम

---

सावदा,
२६ फेब्रुवारी

तीर्थरूप नाना,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात तेल आहे, टेप आहे, धोतर आहे, प्रेमराजची अक्कल काढली आहे. पाणी कुठेच नाही.

अरे, तुमच्याकडे पाणी वीस तारखेला येऊन गेलं, हे तूच तुझ्या सुनेला, ज्योतीला, लिहून कळवलं होतंस. बावीसला तू नळ बसवलास. मग थेंब गळणार कुठून, तुझ्या बोटातून? कोरड्या नळाला गळत नाही म्हणून शाबासकी म्हणजे गैरहजर पोराला शंभरपैकी शंभर. आयुष्यात कधी असा एक मार्क दिलास का कुणाला?

पुढचं पाणी अठ्ठावीसला येईल. त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बस. पुढच्या खोलीत जाऊ नकोस. मी ज्ञानेश्वरला अजून काही कळवलेलं नाही. पाणी आल्यावर कळवीन.

आमचे हे हसून हसून खोकले. त्यांना गरम पाणी द्यायला उठते.

रत्ना

---

धुळे,
३ मार्च

चि. सौ. रत्ना हिस आशीर्वाद.

तुझे पत्र १ मार्चला पोहोचले. पाणी २८ फेब्रुवारीला पोहोचले होते.

झाले ते थोडक्यात लिहितो. टेप मी उलट्या दिशेने गुंडाळला होता. त्यामुळे जोड सुटला आणि पाणी स्वयंपाकघरातून मागच्या दाराखालून मोहनलाल शेठच्या गोदामात गेले. पांढऱ्या सिमेंटच्या दोन गोण्या भिजून दगड झाल्या. राजकुंवरबाईंनी येऊन पाणी थांबवले. चूक सर्वस्वी माझी आहे. माझ्या हाताला हे काम येत नव्हते, हे मान्य करतो.

प्लंबरला बोलावून जोड दुरुस्त करून घेईन. याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शालिग्राम

---

सावदा,
१० मार्च

नाना,

तुझं पत्र वाचलं आणि मला घाम फुटला. पाण्यामुळे नाही. ‘चूक सर्वस्वी माझी आहे’ हे वाचून. बहात्तर वर्षांची झाले मी. तुझ्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नाही, वाचलेलं नाही, स्वप्नात आलेलं नाही. मशीन उलटी शिवायला लागली तेव्हा तू कापडाची चूक काढली होतीस. आणि आता दोन ओळींत टेपही तुझा, हातही तुझा, पापही तुझं? आमचे हे न हसता म्हणाले, “मास्तर आजारी आहेत का?”

म्हणून मी राजकुंवरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

“रत्नाताई, जोडाला काय धाड भरली? माझ्या शेठनं स्वतः हात लावून पाहिला, कोरडा होता. नळ उघडा होता पुरा. नव्या नळाची धार केवढी! थाळी सरकून सिंकच्या जाळीवर बसली, मग पाणी जाणार कुठं? आणि त्याआधी अर्धा तास ती थाळी अशी वाजत होती, की मला गल्लीपलीकडून ऐकू येत होती. मी म्हटलं, मास्तरजी बाहेर गेलेत. मागच्या दारानं आत गेले तर मास्तरजी पुढच्या खोलीत पेपर वाचताहेत. पाठ माझ्याकडे. मी तीन हाका मारल्या. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा असे दचकले, ताई, मलाच रडू आलं.”

म्हणजे नळ तू बरोबर बसवला होतास. पहिल्याच खेपेला. आणि ते खोडून स्वतःच्या हातानं नापास लिहून दिलंस, का, तर कानाचं कुणाला कळू नये म्हणून.

आता मला सगळ्याची संगती लागतेय. प्रेमराज तीनदा आला होता. तू सहा पावलांवर होतास. आणि फोन. नाना, दोन वर्षं मी संध्याकाळी सातला फोनकडे बघते. मला वाटलं, तू माझ्या बोलण्याला कंटाळलास. ज्योतीला मी म्हटलंसुद्धा, शिकलेला भाऊ, त्याला अडाणी बहीण आता पुरत नाही. एवढं वाटून घेऊ दिलंस मला, पण ऐकू येत नाही एवढे तीन शब्द लिहिले नाहीस. अनुस्वारासाठी अर्धा मार्क कापणारा तू, तुझ्या या पत्रातून किती कापू?

न्यायाधीश केलंत ना? मग ऐक निवाडा. नळ उत्तीर्ण. कान अनुत्तीर्ण. फेरपरीक्षा आखाजीच्या आत. जळगावला जायचं, कान तपासायचे, आणि ज्ञानेश्वरला हे सगळं तू स्वतः सांगायचं. मी सांगणार नाही. तू सांगितलंस तर घर राहील, हा माझा शब्द. मग तो कितीही तोंड वाजवो. लपवलंस तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन आणि किल्ली त्याच्या हातात देईन. माझं माहेर गेलं तरी चालेल. एके दिवशी पाण्याच्या जागी गॅस असेल, आणि तू पेपर वाचत असशील.

रत्ना

---

सावदा,
२ एप्रिल
(पोस्टकार्ड)

नाना, तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही, आणि माझं पत्रही तांबडं होऊन परत आलं नाही. असं पहिल्यांदाच झालं. भांड, चुका काढ, पण काहीतरी लिही.

रत्ना

---

धुळे,
२६ एप्रिल

चि. सौ. रत्ना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे १० मार्चचे पत्र तपासले. त्यात एकही दुरुस्ती करण्यासारखी आढळली नाही, म्हणून परत पाठवले नाही. हे माझ्या सेवाकाळात क्वचितच घडले आहे. हुरळून जाऊ नये.

जळगावला दहा दिवस राहून आलो. ज्ञानेश्वरला सर्व सांगितले. त्याला वाटले, मी नळाविषयी बोलतो आहे. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितले.  मग तो बराच वेळ मोठ्याने बोलला. त्यातले निम्मे मला ऐकू आले नाही, ही त्या प्रसंगातली एकमेव सोय होती.

दुसऱ्या दिवशी कान तपासून झाले. दोन्ही कानांत यंत्रे बसली. ती बसवायला मात्र मला कोणी पान्हा दिला नाही.

पहिल्या तासात जे ऐकले, ते असे : ज्योतीच्या कुकरची शिट्टी. वरच्या मजल्यावरची खुर्ची. माझ्या स्वतःच्या चपला, ज्या इतका आवाज करतात हे मला कोणी सांगितले नव्हते. ज्ञानेश्वर मात्र सवयीने अर्धा तास माझ्या कानाशी ओरडत राहिला. मी त्याला ओरडू दिले. ओरडून दमला, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन ज्योतीला हळू आवाजात म्हणाला, “मला वाटायचं, नाना माझ्याशी मुद्दाम बोलत नाहीत. रागावलेत म्हणून उत्तर देत नाहीत. म्हणून मी त्यांना इकडे आणायला बघत होतो.”  कुकरची पाचवी शिट्टी झाली.

मी भिंतीपलीकडे होतो. ते ऐकण्याचा माझा अधिकार नव्हता, हे जाणतो. यंत्रात तसा भेद करण्याची सोय नाही.

रात्रीच्या जेवणात मी त्याला म्हणालो, “गॅसपाशी वास आल्यावर लाल दिवा लागणारे एखादे यंत्र मिळत असेल, तर घेऊन ये. ते तू बसव. नळ मी बसवला आहे.” तो म्हणाला, “आत्याचा निवाडा काय?” मी तुझे पत्र त्याच्यापुढे ठेवले. त्याने दोनदा वाचले, घडी घातली आणि म्हणाला, “मग घर राहिलं.” त्याचा आवाज नीट लागला नाही. माझ्या कानांचा दोष नसावा.

धुळ्याला परत आलो तो प्रेमराजला स्वतः बोलावणे पाठवले. आला. बेल वाजली. मी दार उघडले आणि त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि क्षमा मागितली. तो इतका अवघडला, की बशी हिंदकळली. म्हणाला, “मास्तर, मी तुमच्याच शाळेचा. बेल झाली की सगळ्यांच्या आधी वर्गात तुम्ही असायचे. म्हणून तर मला वाटलं, मुद्दाम उघडत नाहीत, माझे मार्क आठवले असतील.” मग उठून त्याने जोड पाहिला. बोट फिरवले. म्हणाला, “टेप जरा जास्तच झालाय. पण हा आता नळ झिजेपर्यंत हलत नाही.”

मोहनलाल शेठना दोन गोण्यांबद्दल विचारले. त्यांनी त्या दुकानाच्या पायरीला बसण्यासाठी लावल्या आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘मास्तरांचा ओटा’ म्हणून दाखवतात. त्यावर मी रोज सकाळी बसतो.

हा पत्रव्यवहार पुढेमागे कोणाच्या हाती पडला, तर त्यात चुकीच्या नोंदी राहू नयेत, म्हणून खालीलप्रमाणे दुरुस्त करीत आहे. यापूर्वी मी जे लिहिले असेल, ते याच्याशी विसंगत असल्यास रद्द समजावे.

१४ जानेवारी २०२३ : संक्रांत. संध्याकाळी सातला तुझा फोन आला. तू बोलत होतीस, आणि मला फक्त बांगड्यांचा किणकिणाट ऐकू आला, तोही पुसट. दुसऱ्या दिवसापासून मी फोन उचलला नाही. शुद्धलेखनाशी याचा कधीही संबंध नव्हता.

३, ५ व ८ फेब्रुवारी २०२५ : प्रेमराज आला होता. तिन्ही दिवशी आला होता. मी घरी होतो.

२२ फेब्रुवारी : नळ बसवला. ‘तपासतो आहे’ असे २३ तारखेच्या पत्रात आहे. तपासला नव्हता. कोरडा होता.

२८ फेब्रुवारी : जोड गळला नाही. जुन्या नळाची धार बारीक होती, त्यामुळे थाळी जागची हलत नसे आणि मी दर अर्ध्या तासाने उठून पाहत असे. हे मी दोन वर्षे करीत होतो. नव्या नळाची धार मी हिशेबात धरली नाही. त्या दिवशी उठून पाहण्याचा कंटाळा केला.

३ मार्च : या तारखेचे माझे पत्र खोटे आहे. टेप योग्य दिशेनेच गुंडाळला होता.

२५ एप्रिल : दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी थाळी वाजली. मी पुढच्या खोलीत, पाठ फिरवून, वर्तमानपत्र वाचत होतो. कोणी सांगितले नाही. ऐकले, उठलो, थाळी बाजूला केली, चार हंडे भरले आणि नळ बंद केला. तो बंद झाला.

३० एप्रिल : आखाजी. बेल एकदाच वाजव.

तुझा,
शालिग्राम